नोकरी सांभाळून ऑनलाइन एमबीए किंवा एमसीए: चौकशीपासून परीक्षेपर्यंत, एकेक पायरी

बी.कॉम. झाल्यावर पुढे शिकायचं ठरलेलंच होतं. पण नोकरी लागली, लग्न झालं, मुलगी झाली आणि बघता बघता आठ वर्षं गेली. चाकणला गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कारखान्यात मी अकाउंट्सला आहे. वरच्या जागेसाठी पदव्युत्तर पदवी लागेल असं साहेबांनी स्पष्ट सांगितलं तेव्हा मी ऑनलाइन एमबीएची चौकशी सुरू केली. पहिल्याच आठवड्यात फोनवरच्या एका काउन्सेलरच्या बोलण्यावर विसंबून दहा हजार रुपये भरले. पंधरा दिवसांनी कळलं की तो कोर्स पदवीचा नव्हताच, अकरा महिन्यांचं सर्टिफिकेट होतं. पैसे परत मिळाले नाहीत.

दुसऱ्या वेळी मी दीड महिना नुसत्या चौकशीला दिला. आता चौथ्या सेमिस्टरला आहे. त्या दीड महिन्यात आणि नंतरच्या दोन वर्षांत जे कळलं ते क्रमाने लिहिते आहे, म्हणजे तुमचे पैसे आणि तुमचं वर्ष वाचेल.

१. पदवी हवी की नुसतं कौशल्य, हे आधी ठरवा

जाहिरातींत सगळं एकत्र मिसळलेलं असतं. एमबीए, एमसीए, एम.कॉम., डेटा सायन्समधलं एम.एस्सी. या पदव्या. 'एक्झिक्युटिव्ह प्रोग्रॅम', 'पीजी सर्टिफिकेट', 'अ‍ॅडव्हान्स्ड प्रोग्रॅम' ही नावं दिसली की थांबा. त्यांतले काही कोर्स खरोखर उत्तम असतात, अगदी आयआयएमचेही असतात, पण ते केल्याने तुम्ही पदव्युत्तर होत नाही. बढतीसाठी, सरकारी परीक्षेसाठी किंवा पुढे पीएच.डी.साठी पदवीच लागणार असेल तर सर्टिफिकेटवर एक रुपयाही घालू नका. उलट, तुम्हाला फक्त पायथॉन किंवा आर्थिक विश्लेषण शिकायचं असेल, तर दोन वर्षांच्या पदवीत अडकायची गरज नाही.

ओळखायची एक सोपी खूण आहे. मान्यताप्राप्त पदवीच्या शिक्षण शुल्कावर जीएसटी लागत नाही. खासगी सर्टिफिकेट कोर्सवर १८ टक्के लागतो. फीचा तपशील मागवा आणि त्यात जीएसटीची ओळ दिसली तर ती कशासाठी, हे विचारा. माझ्या पहिल्या पावतीवर ती ओळ होती. अकाउंट्समध्ये काम करूनही ती मी नीट वाचली नव्हती, कारण पैसे भरायला रात्री बारापर्यंतचीच मुदत आहे असं मला सांगण्यात आलं होतं.

तंत्रज्ञानाकडे वळणाऱ्यांसाठी महत्त्वाचं: यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) नियमांप्रमाणे अभियांत्रिकी, वैद्यकीय, परिचर्या, फार्मसी, वास्तुकला, कायदा, कृषी, हॉटेल मॅनेजमेंट हे विषय दूरस्थ किंवा ऑनलाइन पद्धतीने पदवीसाठी देताच येत नाहीत. पीएच.डी.ही नाही. म्हणून एखादं खासगी विद्यापीठ 'घरबसल्या एम.टेक.' म्हणत असेल तर सावध व्हा. एमसीए चालतं. आयआयटींचा कारभार त्यांच्या वेगळ्या कायद्याखाली चालतो, त्यामुळे आयआयटी कानपूरच्या ई-मास्टर्ससारख्या पदव्या (एम.टेक.साठी लागणाऱ्या गेट परीक्षेशिवाय, नोकरदारांसाठी) हा निराळा मार्ग आहे. त्यांची फी मात्र बरीच जास्त असते.

हे इतकं ठासून का सांगते? काही अभिमत विद्यापीठांनी परवानगी नसताना दूरस्थ पद्धतीने अभियांत्रिकीच्या पदव्या दिल्या होत्या. ३ नोव्हेंबर २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाने २००१ ते २००५ या सत्रांत प्रवेश घेतलेल्यांच्या पदव्या स्थगित केल्या आणि त्यांना एआयसीटीईची, म्हणजे अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेची, परीक्षा द्यायला लावली. त्यानंतर प्रवेश घेतलेल्यांच्या तर रद्दच झाल्या. लोक दहा-बारा वर्षं त्या पदवीवर नोकरी करत होते. चूक विद्यापीठांची होती, भोगावं लागलं विद्यार्थ्यांना.

२. आठवड्याचे तास मोजा

फीचा हिशेब सगळे करतात, तासांचा कोणी करत नाही. ऑनलाइन आणि दूरस्थ शिक्षणात एक क्रेडिट म्हणजे ३० तासांचा अभ्यास धरतात. व्हिडिओ, वाचन, असाइनमेंट सगळं त्यातच. दोन वर्षांचा ८० क्रेडिटचा अभ्यासक्रम धरला तर २४०० तास होतात. १०४ आठवड्यांत वाटले तर आठवड्याला सुमारे २३ तास. खरं सांगायचं तर इतके तास मला कधीच जमले नाहीत. पंधरा-सोळा जमले, परीक्षेआधी सुट्ट्या टाकून बाकीचे भरून काढले. पण आठवड्याला दहा तासही निघत नसतील, तर हे वर्ष थांबा.

दुसरी गोष्ट कोणीच सांगत नाही. बहुतेक थेट वर्ग शनिवार-रविवारी असतात. चाकण-भोसरी पट्ट्यात आमची साप्ताहिक सुट्टी गुरुवारी! माझे पहिल्या सेमिस्टरचे बहुतेक थेट वर्ग कामावर असतानाच झाले आणि मी रात्री रेकॉर्डिंगवर भागवलं. रेकॉर्डिंग किती दिवस उपलब्ध राहतं, हे प्रवेशाआधीच विचारा. शिफ्टमध्ये काम करणाऱ्यांनी तर हा प्रश्न सगळ्यात आधी विचारावा.

स्वतःची परीक्षा घ्यायची असेल तर स्वयम किंवा एनपीटीईएल या सरकारी ऑनलाइन शिक्षणाच्या संकेतस्थळांवरचा आठ किंवा बारा आठवड्यांचा एखादा कोर्स करा. शिकायला पैसे पडत नाहीत, फक्त प्रमाणपत्राच्या परीक्षेला शुल्क असतं. मी वित्तीय व्यवस्थापनाचा केला. तिसऱ्या आठवड्यात असाइनमेंट चुकली, तेव्हा कळलं की रात्री मुलगी झोपल्यावर अभ्यास करणं हे माझ्याच्याने होणारं नाही. मी पहाटे साडेचारची वेळ धरली. हे फी भरायच्या आधी कळलं, त्याचा पुढे फार उपयोग झाला.

३. मान्यता स्वतः तपासा, स्क्रीनशॉटवर जाऊ नका

सध्या या सगळ्याचा आधार म्हणजे यूजीसीची २०२० ची नियमावली. तिच्याप्रमाणे मान्यता मिळालेल्या विद्यापीठाची ऑनलाइन किंवा दूरस्थ पदवी ही नेहमीच्या वर्गातल्या पदवीशी समकक्ष असते. यूजीसीने २ सप्टेंबर २०२२ च्या सूचनेत हे पुन्हा स्पष्ट केलं. कोणी 'ऑनलाइनला किंमत नाही' म्हणालं तर ही सूचना दाखवा. ती काढून फोनमध्ये ठेवा.

पण मान्यता विद्यापीठाला सरसकट मिळत नाही. ती अभ्यासक्रमानुसार आणि सत्रानुसार असते. विद्यापीठाच्या एमबीएला मान्यता असेल आणि एमसीएला नसेल, असं होऊ शकतं. म्हणून यूजीसीच्या दूरस्थ शिक्षण विभागाच्या, म्हणजे डीईबीच्या संकेतस्थळावर जा आणि या चार गोष्टी जुळतात का ते पाहा: विद्यापीठाचं नाव, अभ्यासक्रमाचं नेमकं नाव, पद्धत (ऑनलाइन की दूरस्थ), आणि तुमचं सत्र. सत्रं दोन, जानेवारी-फेब्रुवारी आणि जुलै-ऑगस्ट. प्रवेश न देण्याचे आदेश झालेल्या संस्थांची नावंही तिथेच मिळतात. अभिमत विद्यापीठाचं एमबीए किंवा एमसीए असेल तर एआयसीटीईची मंजुरीही बघा.

प्रवेशाची शेवटची तारीखही यूजीसी ठरवते. ती उलटून गेल्यावर 'मागच्या तारखेने करून देतो' असं कोणी म्हणालं तर फोन ठेवून द्या.

आणखी एक. शिक्षण-तंत्रज्ञान कंपनी पदवी देत नाही, विद्यापीठ देतं. विद्यापीठांनी आपले अभ्यासक्रम अशा कंपन्यांना फ्रँचायझी म्हणून चालवायला देऊ नयेत, असा इशारा यूजीसी आणि एआयसीटीईने जानेवारी २०२२ मध्ये दिला होता. फोन करणारा काउन्सेलर बहुतेक वेळा विद्यापीठाचा नसतोच. तो गोड बोलतो, 'मॅडम, तुमच्यासाठी स्कॉलरशिप काढून ठेवली आहे' म्हणतो. त्याला काय विचारायचं ते ई-मेलवर विचारा आणि उत्तरही ई-मेलवरच मागा. फोनवर दिलेल्या शब्दाला नंतर कोणी विचारत नाही.

ऑनलाइन की दूरस्थ? दोन्ही समकक्ष, पण अनुभव वेगळा. दूरस्थमध्ये छापील पुस्तकं, अभ्यासकेंद्र, केंद्रावर जाऊन परीक्षा. नाशिकचं यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ (१९८९) आणि इग्नू, म्हणजे इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठ (१९८५), यांची ओळख तशीच आहे. इग्नूचं एमबीए किमान दोन, कमाल चार वर्षांत पूर्ण करता येतं. ज्यांच्या गावात इंटरनेट धड चालत नाही किंवा ज्यांच्या कामाचा नेम नाही, त्यांना मी मनापासून हाच मार्ग सुचवते. माझ्या नणंदेने तोच धरला. फी कमी आणि पुस्तकं चांगली.

४. कागदपत्रं, आणि नावाचा घोळ

यादी छोटी आहे:

- दहावी, बारावी आणि पदवीच्या सर्व वर्षांच्या मार्कशीट
- पदवी प्रमाणपत्र किंवा प्रोव्हिजनल
- आधार, पॅन, पासपोर्ट आकाराचा फोटो, सहीचा स्कॅन
- राखीव प्रवर्गातून अर्ज करत असाल तर जातीचं प्रमाणपत्र
- मायग्रेशन प्रमाणपत्र (पदवी दुसऱ्या विद्यापीठाची असेल तर)
- अनुभवाचा दाखला, मागितला तर
- शिक्षणात मधे पडलेल्या वर्षांचं खंड (गॅप) प्रमाणपत्र, मागितलं तर
- नाव बदललं असेल तर विवाह नोंदणी प्रमाणपत्र किंवा राजपत्र

एमबीएला साधारण ५० टक्के गुणांची पदवी लागते, राखीव प्रवर्गाला ४५ टक्के. एमसीएला बारावीत किंवा पदवीला गणित होतं का, हे बघतात. नसेल तर ती उणीव भरून काढणारा ब्रिज कोर्स करावा लागू शकतो.

आता खरी अडचण. आपल्याकडे दहावीच्या मार्कशीटवर आडनाव आधी येतं, मग नाव, मग वडिलांचं नाव. आधारवर नाव आधी, आडनाव शेवटी. बायकांच्या बाबतीत त्यावर लग्नानंतरचं आडनाव आणि नवऱ्याचं नाव. माझ्या वडिलांचं नाव ज्ञानेश्वर. इंग्रजीत ते दहावीच्या मार्कशीटवर 'डी'ने सुरू होतं आणि पदवीच्या मार्कशीटवर 'जी'ने. म्हणजे कागदोपत्री मी एकटीच तीन वेगवेगळ्या बायका झाले होते. विद्यापीठाने अर्ज दोनदा परत पाठवला. शेवटी विवाह नोंदणी प्रमाणपत्र आणि 'या तिन्ही नावांची व्यक्ती मीच' असं नोटरी केलेलं प्रतिज्ञापत्र जोडल्यावर तो पुढे सरकला. या घोळात तीन आठवडे गेले, आणि शेवटच्या तारखेला फक्त चार दिवस उरले होते.

म्हणून बहिणींनो, अर्ज भरण्याच्या दोन महिने आधी सगळे कागद एका टेबलावर मांडा आणि इंग्रजी स्पेलिंग अक्षर न् अक्षर जुळवा. राजपत्रात नाव बदलायचं असेल तर तेव्हाच अर्ज करा, कारण ते दोन दिवसांत होणारं काम नाही. मायग्रेशनलाही जुन्या विद्यापीठात अर्ज करून वाट पाहावी लागते.

५. एबीसी आयडी आणि डीईबी आयडी

२०२४ पासून ऑनलाइन किंवा दूरस्थ प्रवेशाला डीईबी आयडी सक्तीचा आहे. परदेशी विद्यार्थी सोडून सगळ्यांना. क्रम असा:

आधी डिजिलॉकरमधून एबीसी (अकॅडेमिक बँक ऑफ क्रेडिट्स) आयडी काढा. तो बारा अंकी असतो. तुमची क्रेडिट्स याच खात्यावर जमा होतात. मग डीईबीच्या संकेतस्थळावर जाऊन एबीसी आयडीच्या आधारे डीईबी आयडी तयार करा. तो क्रमांक विद्यापीठाच्या अर्जात भरायचा.

नाव आधारवरून उचललं जातं, म्हणून चौथी पायरी आधी. आधारला जोडलेला मोबाइल नंबर चालू हवा, ओटीपी त्यावर येतो. दुबईत नोकरी करणाऱ्या माझ्या मावसभावाचं भारतातलं सिम बंद पडलं होतं. केवळ ओटीपीसाठी त्याचं एक सत्र हुकलं. परदेशात असाल तर ते सिम रिचार्ज करून ठेवा.

आणि हे आयडी स्वतःच काढा. एजंट 'आम्ही काढून देतो' म्हणतात आणि स्वतःचा ई-मेल, स्वतःचा नंबर घालतात. पुढे तुमचंच खातं तुम्हाला उघडत नाही.

६. फी, आणि 'नो कॉस्ट ईएमआय'

फी विद्यापीठागणिक फार बदलते. खासगी विद्यापीठांच्या ऑनलाइन एमबीएची दोन लाखांच्या वरही जाते. एकूण आकडा लेखी घ्या: नोंदणी, परीक्षा शुल्क, पुन्हा परीक्षा द्यायचं शुल्क, प्रोजेक्टचं शुल्क, पदवी प्रमाणपत्राचं शुल्क. फी विद्यापीठाच्याच पोर्टलवर, विद्यापीठाच्याच खात्यात भरा. पावती विद्यापीठाच्या नावाची हवी.

'नो कॉस्ट ईएमआय' बऱ्याचदा तुमच्या नावावर वित्त कंपनीचं कर्ज असतं. कंपनी विद्यापीठाला पैसे देते, हप्ते तुम्ही फेडता. तुम्ही प्रवेश रद्द केला तरी कर्ज आपोआप रद्द होत नाही, आणि हप्ता चुकला तर सिबिल बिघडतो. माझ्या सहकाऱ्याला गृहकर्जाच्या वेळी हे कळलं. एका क्लिकमध्ये कर्जाच्या कागदांवर डिजिटल सही होते, म्हणून 'आय अ‍ॅग्री'च्या आधी कर्ज देणाऱ्याचं नाव वाचा. शक्य असेल तर सेमिस्टरनिहाय भरा. सवलत थोडी कमी मिळते, पण मधेच सोडायची वेळ आली तर सगळे पैसे अडकत नाहीत.

बँकेचं शैक्षणिक कर्ज घेतलं तर आयकरात व्याजाची वजावट मिळते, कमाल आठ वर्षं. पण ती जुन्या करप्रणालीतच. नवीन करप्रणाली निवडली असेल तर हा फायदा धरू नका.

सरकारी किंवा जिल्हा परिषदेच्या नोकरीत असाल तर प्रवेशाआधी विभागाची परवानगी घ्या. नंतर घेतलेली परवानगी सेवापुस्तकात नोंद करताना अडते.

७. पहिला महिना

लॉगिन मिळाल्याबरोबर तीन गोष्टी करा. असाइनमेंटच्या सगळ्या तारखा कॅलेंडरमध्ये घाला. पोर्टलवरचं नाव तपासा. आणि तुमच्या तुकडीतले पाच-सहा जण शोधून छोटा गट करा. मोठे ग्रुप 'उद्या पेपर आहे का?' एवढ्यावरच संपतात. आमच्या गटात जळगावचा एक बँक कर्मचारी आहे, पणजीची एक फार्मा कंपनीतली मुलगी आहे आणि सोलापूरचे पन्नाशीचे एक शिक्षक आहेत. संख्याशास्त्र मला त्या सरांनी शिकवलं, रविवारी रात्री दहा वाजता, फोनवर.

गुणांत अंतर्गत मूल्यमापन जास्तीत जास्त ३० टक्के आणि सत्रअखेर परीक्षा किमान ७० टक्के असते. अंतर्गत गुण हातचे असतात, ते सोडू नका. पोर्टलवरचा सहभागही मोजला जातो, त्यामुळे व्हिडिओ उतरवून घेऊन नंतर एकदम बघण्याची सवय लावू नका.

८. घरून द्यायची परीक्षा

प्रॉक्टर्ड परीक्षेत वेबकॅम, माइक आणि स्क्रीन सगळ्यावर नजर असते. मला नडलेल्या गोष्टी अशा:

कंपनीच्या लॅपटॉपवर परीक्षेचं सुरक्षित ब्राउझर बसत नाही, आयटी विभागाची परवानगी लागते. स्वतःचा किंवा कोणाचा तरी खासगी लॅपटॉप ठरवून ठेवा आणि मॉक टेस्ट त्याच यंत्रावर, त्याच खोलीत द्या. खोलीत दुसरं माणूस आलं तर इशारा येतो. माझी मुलगी 'आई' म्हणत दार ढकलून आत आली आणि परीक्षा दोन मिनिटं थांबली. तेव्हापासून परीक्षेच्या दिवशी ती आजीकडे असते. वीज जाणार हे धरूनच चला: लॅपटॉप पूर्ण चार्ज, राउटरला छोटा यूपीएस, आणि मोबाइलचा हॉटस्पॉट आधीच जोडून बघितलेला. अडचण आलीच तर त्याच क्षणी स्क्रीनचा फोटो काढा आणि त्याच दिवशी तक्रार नोंदवा. माझ्या एका पेपरला सर्व्हर बंद पडला होता. फोटो आणि तक्रार क्रमांक होता म्हणूनच पेपर पुन्हा देता आला.

९. प्रोजेक्ट, आणि नोकरीची अपेक्षा

प्रोजेक्टसाठी स्वतःच्याच कंपनीचा विषय घेणं सोयीचं. पण आकडे वापरायची लेखी परवानगी एचआरकडून तिसऱ्या सेमिस्टरलाच घ्या. मी आमच्या पुरवठादारांची देणी किती दिवसांत चुकती होतात यावर करते आहे. एचआरचं पत्र यायला पाच आठवडे लागले, आणि त्यात कंपनीचं नाव अहवालात येणार नाही अशी अट होती. विद्यापीठाला ती चालेल का, हे मला मार्गदर्शकांकडून पुन्हा लेखी घ्यावं लागलं. वाङ्मयचौर्याची तपासणी होते, म्हणून तयार प्रोजेक्ट विकणाऱ्यांच्या वाटेला जाऊ नका.

'प्लेसमेंट सहाय्य' म्हणजे बहुतेक ठिकाणी नोकऱ्यांच्या जाहिरातींचं एक पोर्टल असतं. नोकरीत असलेल्या, बढती किंवा विभागबदल हवा असलेल्या माणसाला ही पदवी उपयोगी पडते, हे मी खात्रीने सांगते. पदवी झाल्या झाल्या पहिली नोकरी शोधणाऱ्या बावीस वर्षांच्या मुलामुलींना मात्र माझा सल्ला वेगळा आहे: जमत असेल तर सीईटी देऊन वर्गात बसून शिका, किंवा आधी दोन वर्षं कुठेही काम करा आणि मग या.

शेवटच्या सेमिस्टरचा परीक्षा अर्ज भरताना पदवीवर छापायचं नाव पुन्हा विचारतात. तेव्हा दहावीची मार्कशीट समोर ठेवा. मी वडिलांचं नाव 'डी'ने लिहिलं, दहावीला होतं तसं.